माउस दोन महिन्यांत सेल का खातो, आणि वायरलेस सेट परवडतो का

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात अडतीची पेढी, चार कॉम्प्युटर, चारही टेबलांवर वायरलेस कीबोर्ड-माउसचे सेट. खोक्यावर कीबोर्डला २४ महिने आणि माउसला १२ महिने लिहिलंय. कीबोर्डचे सेल दीड वर्ष झालं तरी खोक्यातून आलेलेच चालू आहेत, माउसला मात्र दर दोन महिन्यांनी नवा सेल लागतो. काम सगळं टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे माउसला हात तसा कमीच लागतो. रिचार्जेबल सेल आणावेत, की परत वायरवाले? शिवाय साताऱ्याच्या नव्या ऑफिसला दोन सेट घ्यायचेत, ते कसले घ्यावेत?

रिचार्जेबलवर इतक्यात पैसे घालू नका. टॅलीच्या टेबलावर माउस दोन महिन्यांत सेल संपवतो याचा अर्थ बहुतेक वेळा दोनपैकी एक असतो: सेल साधा जस्ताचा आहे, किंवा माउसला झोपच लागत नाहीये, म्हणजे हात काढला तरी तो वीज ओढतच राहतो. दोन्हींचा इलाज शे-दीडशे रुपयांत होतो. कुठलं कारण आहे ते कसं ओळखायचं, ते खाली सांगतो.

कीबोर्ड आणि माउस एका खोक्यात येतात म्हणून आपण त्यांना जोडीचं समजतो. सेलच्या बाबतीत त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. कीबोर्ड म्हणजे बटणांची जाळी. बटण दाबलं की आतली चिप जागी होते, कुठलं बटण ते कॉम्प्युटरच्या यूएसबीत खोचलेल्या छोट्या रिसीव्हरला कळवते आणि लगेच झोपते. रिमोटच्या बारीक सेलात, म्हणजे ट्रिपल ए अल्कलाइनमध्ये, साधारण १००० एमएएच (सेलात किती वीज मावते त्याचं माप) असतात. दोन सेल एकामागे एक जोडलेले असले की व्होल्ट दुप्पट होतात, एमएएच तेवढेच राहतात. २४ महिन्यांचे तास होतात १७,५२०. भागाकार केला तर सरासरी ओढ, म्हणजे सतत लागणारा प्रवाह, ५७ मायक्रोअँपिअर येते (हजार मायक्रो म्हणजे एक मिली). इतक्या कमी ओढीवर सेल वापराने कमी आणि वयाने जास्त म्हातारा होतो.

माउसच्या पोटात मात्र छोटा कॅमेरा आहे. हात हलत असताना तो टेबलाचे सेकंदाला हजाराच्या वर फोटो काढतो, एकाशी दुसरा ताडून पाहतो आणि किती सरकलो ते ठरवतो. फोटोला उजेड लागतो म्हणून एलईडी पेटतो. हलता माउस काही मिलीअँपिअर ओढतो, झोपलेला माउस मायक्रोअँपिअरमध्ये. मधला फरक पन्नास-शंभर पटींचा असू शकतो. म्हणून माउसचा सेल किती टिकणार हे तो दिवसातून किती तास जागा असतो यावर ठरतं. तुम्ही किती तास ऑफिसात बसता याला फार अर्थ नाही.

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे वळू. लॉजिटेकच्या एमके २७० सेटवर नेमके तुमचेच आकडे आहेत, कीबोर्ड २४ महिने आणि माउस १२ महिने. कीबोर्डच्या आकड्याखाली बारीक अक्षरांत गृहीतकही दिलेलं असतं: ऑफिसातला वापर, वर्षाला वीस लाख ठोके. कामाचे ३०० दिवस धरले तर दिवसाला साडेसहा हजारांच्या थोडे वर. टायपिंगच्या ३० शब्द प्रतिमिनिट परीक्षेचा वेग घ्या, शब्दाला पाच ठोके धरा, म्हणजे मिनिटाला १५० आणि तासाला ९,०००. जो कारकून खरोखर तासभर न थांबता टाइप करतो त्याने कंपनीचा दिवसभराचा हिशेब तेवढ्यातच ओलांडला. अडतीच्या पट्ट्या आणि व्हाउचर भरणाऱ्याचे ठोके दिवसाला पंधरा-वीस हजारांच्या घरात सहज जातात. तरीही कीबोर्ड दीड वर्ष टिकलाय, कारण ठोक्याला लागणारी वीजच नगण्य आहे. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये सहा-सहा बॅचेस एकाच कीबोर्डवर बसतात, तिथे हा हिशेब चालणार नाही. तिथे वायरलेस कीबोर्ड ठेवूही नये.

माउसचा हिशेब असा मांडा. डबल ए अल्कलाइनमध्ये, म्हणजे माउसच्या पेन्सिल सेलात, २५०० एमएएच आणि हलताना सरासरी ५ मिलीअँपिअर ओढ धरू. म्हणजे जागेपणाचे ५०० तास. रोज खऱ्या अर्थाने तीन तास हात हलत असेल तर साडेपाच महिने. रोज दीड तास असेल तर वर्षाच्या जवळपास. कंपनीचे १२ महिने येतात ते असे. आणि रोज आठ तास जागा राहिला तर ६२ दिवस. तुमचे दोन महिने! म्हणून टॅलीवाल्याचा माउस दोन महिन्यांत संपला की पहिला संशय जागेपणावर घ्यायचा.

पण त्याआधी सेल उलटून बघा, कारण ते सगळ्यात सोपं आहे. सेलच्या अंगावर बारीक अक्षरांत प्रकार छापलेला असतो. डबल ए आकारात ‘आर ६’ असेल तर तो जस्त-कार्बनचा साधा सेल. ‘एलआर ६’ असेल तर अल्कलाइन. ‘एचआर ६’ म्हणजे निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे रिचार्जेबल. ट्रिपल ए मध्ये हेच आर ०३, एलआर ०३, एचआर ०३ असं असतं. सगळा खेळ त्या एका ‘एल’चा आहे. रंगावर आणि ‘हेवी ड्यूटी’, ‘सुपर’ असल्या शब्दांवर जाऊ नका. ‘हेवी ड्यूटी’ लिहिलेला सेल हमखास साध्या जस्ताचाच निघतो. हातातही फरक कळतो. अल्कलाइन डबल ए सुमारे २३ ग्रॅम भरतो, जस्ताचा त्याहून हलका लागतो. पानपट्टीवर आणि किराणा दुकानात ‘पेन्सिल सेल द्या’ म्हटलं की पुढ्यात येतो तो आर ६. पोराला सेल आणायला पाठवलं की पेढीवर हाच येतो, आणि त्यात पोराची चूक काहीच नाही.

जस्ताच्या सेलाची क्षमता अल्कलाइनच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास धरावी. जिथे अल्कलाइन साडेपाच महिने चालतो तिथे हा सव्वादोन महिने चालेल. म्हणजे नुसत्या सेलानेही तुमचे दोन महिने भरतात. पैशात मात्र तुम्ही फारसे बुडत नाही, हे इथेच सांगून टाकतो. साधा सेल १५ रुपयांना आणि अल्कलाइन ४० रुपयांना धरला तर वर्षाला साधे पाच म्हणजे ७५ रुपये, अल्कलाइन दोन म्हणजे ८० रुपये. हिशेब जवळजवळ सारखाच. नुकसान होतं ते दुसरीकडे: जस्ताच्या सेलात जस्ताचा डबा हाच रसायनाचा भाग असतो, वापरता वापरता डब्याची भिंत खाल्ली जाते आणि विसरलेला सेल आतून फुटून पाझरतो. सेल वाचवायला जाऊन माउस गमावण्याचा हा राजमार्ग आहे.

सेल एलआर ६ च निघाला तर मग झोपेची तपासणी करा. मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट आणि प्रवाह मोजायचं यंत्र, न लावता होणारी साधी परीक्षा अशी. माउस नेहमीच्या जागी ठेवा, वर्डची कोरी फाइल उघडा, कर्सर मध्यभागी आणा आणि हात काढा. दोन मिनिटं नुसतं बघत बसा. कर्सर एका जागी गप्प राहिला पाहिजे. तो किंचित थरथरत असेल किंवा मुंगीच्या चालीने एका बाजूला सरकत असेल, तर माउसला वाटतंय आपण हलतोय, आणि हात काढला तरी तो तसाच जागा राहतो.

थरथरण्याची कारणं ठरलेली आहेत. पेढीवर पहिलं कारण टेबलावरची काच. काचेखाली गणपतीचा फोटो, कॅलेंडर, गावोगावच्या व्यापाऱ्यांची कार्डं. सेन्सरची नजर माउसच्या तळाला टेकलेल्या पृष्ठभागावर जुळवलेली असते. काच असली की उजेड वरच्या थरावरून परततो, खालचं चित्र काचेच्या जाडीइतकं खोल आणि अस्पष्ट दिसतं, आणि सेन्सर गोंधळतो. चकचकीत काळ्या सनमायकाचीही तीच तऱ्हा. गडद पृष्ठभाग उजेड शोषतो म्हणून अनेक सेन्सर एलईडी जास्त वेळ पेटता ठेवतात, म्हणजे खर्च दोन्ही बाजूंनी. इलाज पन्नास-शंभर रुपयांचं कापडी माउसपॅड, एकरंगी आणि फिकट. झगमगीत छपाईचं नको. पॅड नसेल तर पांढरा कोरा कागद काचेवर चिकटवून परीक्षा परत करा. थरथर थांबली तर कारण सापडलं.

दुसरं कारण यार्डातलं खास: हळदीची धूळ आणि पोत्याचे धागे. माउस उलटा केला की तळाला एक भोक दिसतं, आत लहानशी भिंगासारखी काच. त्या खळग्यात तागाचा एक तंतू आडवा बसला तरी पंख्याच्या वाऱ्याने तो हलतो आणि सेन्सरला टेबलच हलल्यासारखं दिसतं. माउस बंद करून कोरड्या मऊ ब्रशने तो खळगा झाडा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे बारीक थेंब भिंगावर बसतात आणि त्यांना हळद चिकटते. चिकट झालंच असेल तर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एकच थेंब, गोल फिरवून पुसायचं, दोन मिनिटं वाळू द्यायचं.

तिसरं कारण म्हणजे माउस उलटा ठेवायची सवय. ‘खाली धूळ नको’ म्हणून काही जण संध्याकाळी माउस पाठीवर पाडून जातात. सेन्सरसमोर मग वरचा पंखा, ट्यूबलाइट, येणाऱ्याजाणाऱ्याच्या सावल्या. माउस नेहमीसारखा सुलटाच असू द्या. त्याच टेबलावर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असेल तर त्याच्या धक्क्यांनीही माउस दिवसभर जागा राहतो. प्रिंटर वेगळ्या स्टुलावर गेला की दोघंही सुखी.

मीटर असेल तर नक्की आकडा काढता येतो. दुधाच्या पिशवीच्या प्लास्टिकची बोटभर पट्टी घ्या, तिच्या दोन्ही बाजूंना अॅल्युमिनिअम फॉइलची एकेक पट्टी अशी लावा की दोन्ही फॉइल एकमेकांना शिवणार नाहीत. ही पट्टी सेलच्या ऋण टोकात आणि स्प्रिंगमध्ये सरकवा. आता स्प्रिंगकडच्या फॉइलला मीटरची लाल पिन, सेलकडच्या फॉइलला काळी. मीटर २०० मिलीअँपिअरवर ठेवा. त्याखालच्या मायक्रो रेंजचा मोह टाळा. स्वस्त पिवळ्या मीटरमध्ये २००० मायक्रोच्या रेंजवर मीटरचाच रोध शंभर ओहमच्या आसपास असतो, माउस जागा झाला की व्होल्ट तिथेच पडतात, माउस परत परत बंद-चालू होतो आणि आकडा काहीच कळत नाही. हात हलताना काही मिलीअँपिअर दिसतील. हात काढल्यावर काही सेकंदांत आकडा उतरायला लागतो, कारण सेन्सर झोपेच्या दोन-तीन पायऱ्या उतरतो: आधी फोटो कमी, मग आणखी कमी. काही मिनिटांत आकडा शून्याजवळ आला पाहिजे. पाच मिनिटांनंतरही तीन-चारवर अडला असेल तर माउस जागा आहे, आणि पॅडवरही तसाच अडत असेल तर माउसमध्येच दोष आहे. वॉरंटीत बदलून घ्या. काम झालं की मीटरचा खटका परत व्होल्टवर फिरवायला विसरू नका, आणि लाल पिन वेगळ्या भोकात लावली असेल तर तीही परत व्होल्टच्या भोकात लावा. नाहीतर पुढच्या वेळी सेलचे व्होल्ट बघायला जाल आणि मीटरमधूनच शॉर्ट कराल.

व्होल्ट बघण्याचा उपयोग वेगळा. नवा अल्कलाइन १.५५ ते १.६ दाखवतो. एका सेलवर चालणारे माउस आतल्या सर्किटने व्होल्ट वाढवून घेतात, त्यामुळे सेल १ व्होल्टच्या खालपर्यंतही ओढतात. ‘संपला’ म्हणून काढलेला सेल १.३ दाखवत असेल तर तो संपलेलाच नाही. तिथे स्प्रिंगवर गंज, सैल झाकण किंवा रिसीव्हरची अडचण शोधा. कर्सर अडखळला की लोक आधी सेल बदलतात, आणि अर्धे भरलेले सेल कचऱ्यात जातात.

रिसीव्हरची अडचण चार टेबलांपैकी एखाद्यावर तरी असणारच. सीपीयू लोखंडी टेबलाखाली, रिसीव्हर मागच्या बाजूला, तोही निळ्या यूएसबी ३ च्या भोकात, शेजारी बॅकअपची हार्ड डिस्क. यूएसबी ३ च्या जोडणीतून निघणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, आणि माउस त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. निरोप पोचल्याची पावती आली नाही की माउस तोच निरोप परत पाठवतो, म्हणजे कर्सरही अडखळतो आणि सेलही खर्च होतो. रिसीव्हर पुढच्या काळ्या यूएसबी २ च्या भोकात हलवा, किंवा अर्ध्या-एक मीटरची यूएसबी एक्स्टेंशन वायर लावून टेबलावर आणा. एवढ्याने काम होतं. चार सेट एका खोलीत आहेत म्हणून एकमेकांत मिसळतील ही भीती ठेवू नका. प्रत्येक रिसीव्हर आपल्याच जोडीदाराचा क्रमांक ओळखतो.

रोज संध्याकाळी खालचं बटण बंद करावं का? माउस नीट झोपत असेल तर त्यात फारसं काही वाचत नाही. झोपेत ५० मायक्रोअँपिअर धरा, सोळा तासांचे ०.८ एमएएच, महिन्याला २४, म्हणजे सेलाचा एक टक्का. वर त्या बारीक स्लाइड बटणाची रोज दोनदा झीज. बॅगेतून नेताना, दिवाळीच्या सुट्टीत, आणि दोष सापडेपर्यंत जागा राहणाऱ्या माउसला मात्र जरूर बंद करा.

आता रिचार्जेबल. निकेल-मेटल हायड्राइडचा चांगला डबल ए २००० एमएएचचा असतो, पण १.२ व्होल्टचा. ऊर्जेच्या हिशेबाने तो माउसमध्ये अल्कलाइनच्या ऐंशी टक्के काळ चालेल. सॅन्योने २००५ मध्ये एनेलूप काढल्यापासून ‘कमी आपोआप-उतार’ असलेले सेल मिळायला लागले. घ्यायचे तर हेच, त्यावर ‘रेडी टू यूज’ किंवा ‘प्री-चार्ज्ड’ लिहिलेलं असतं. जुन्या पद्धतीचे सेल महिन्याला वीस-तीस टक्के आपोआप उतरतात, म्हणजे माउस न वापरताही चार महिन्यांत रिकामे. डबल ए वर ३५०० किंवा ट्रिपल ए वर १५०० एमएएच छापलं असेल तर ती छपाई खोटी आहे असं खुशाल समजा. त्या आकाराच्या या जातीच्या सेलात तेवढं मावतच नाही.

दोन तक्रारी रिचार्जेबलबद्दल हमखास येतात. एक, नवा भरलेला सेल टाकला तरी बॅटरी अर्धी दाखवते. दाखवणारच, दर्शक अल्कलाइनच्या १.५ वर बेतलेला आहे आणि हा सेल १.२ वर सपाट चालतो. दुसरी उलट तक्रार, यूएसबीने चार्ज होणाऱ्या १.५ व्होल्टच्या लिथियम सेलांची: बॅटरी शेवटपर्यंत शंभर टक्के, आणि मग न सांगता माउस मेला. त्या सेलात छोटं सर्किट असतं, ते आतून कितीही उतरलं तरी बाहेर १.५ च देतं आणि संपलं की झटक्यात तोडतं. ते सर्किट रिकामं बसूनही थोडी वीज पितं. माउससाठी मला ते पटत नाहीत.

परवडण्याचं गणित तुमच्या चार टेबलांवर करून बघू. माउस नीट झोपायला लागले की चौघांना मिळून वर्षाला आठ अल्कलाइन, ३२० रुपये. चांगला चार्जर, ज्याचे खण प्रत्येक सेल स्वतंत्र भरतात, आणि सहा सेल यांना साधारण २००० रुपये धरा. वसूल व्हायला सहा वर्षं. डिझाइनवाले, रोज आठ तास माउस हलवणारे चार जण असते तर वर्षाला २४ सेल, ९६० रुपये, आणि दोन वर्षांत वसुली झाली असती. तुमच्या पेढीला अल्कलाइनच स्वस्त पडतो. घरात रक्तदाबाचं यंत्र, पोरांची खेळणी असा दुसरा गिऱ्हाईक असेल तर गोष्ट वेगळी. कीबोर्डात रिचार्जेबल मुळीच नको. दोन वर्षांतून एकदा लागणारी वस्तू चार्ज करून काय वाचणार?

त्या कीबोर्डांचं एक काम आजच करा. दीड वर्ष झालेले, खोक्यातून आलेले सेल चालू असले तरी झाकण काढून बघा. टोकाशी पांढरी पिठासारखी बुकटी दिसली तर सेल गळायला लागलाय. अल्कलाइन गळतो तेव्हा पोटॅशिअम हायड्रॉक्साइड बाहेर येतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरं होतं. ते अल्कधर्मी आहे, म्हणून उतारा आंबट: पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात कापसाची काडी बुडवून, पिळून, पट्टीवर फिरवायची. थोडं फसफसेल. मग ओलसर काडीने आंबटपणा पुसायचा, मग अल्कोहोल, मग तासभर वाळवणं. स्प्रिंग हिरवी-काळी पडली असेल तर पेन्सिलच्या खोडरबराने घासा. पॉलिश पेपर शेवटचा उपाय, त्याने वरचा मुलामा जातो आणि पुढे गंज लवकर धरतो. जस्ताचा सेल गळला असेल तर पाझर आम्लाकडे झुकलेला असतो, तिथे लिंबाऐवजी खाण्याच्या सोड्याचं पाणी. बुकटी बोटाने खरवडू नका, आणि तो हात डोळ्याला तर नकोच.

नवे सेल टाकताना जोडीने टाका. एक नवा, एक जुना अशी जोडी लावली की जुना आधी रिकामा होतो, नवा त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतो, जुन्याचे ध्रुव उलटे व्हायला लागतात आणि तो गळतो. सेलावर मार्करने महिना-साल लिहा, आणि चालू असले तरी दोन वर्षांनी बदला. ८० रुपयांच्या जोडीसाठी कीबोर्ड पणाला लावण्यात अर्थ नाही.

वायरचा की बिनवायरचा, याचं उत्तर सेलाच्या खर्चात सापडत नाही. चार वर्षांत एका टेबलाला माउसचे आठ आणि कीबोर्डचे चार असे बारा सेल, ४८० रुपये, म्हणजे महिन्याला दहा रुपये. खरेदीत वायरचा सेट पाचशेभर रुपयांनी स्वस्त धरला तर एकूण फरक चार वर्षांत हजाराच्या आसपास. एवढे पैसे टेबल मोकळं राहण्यासाठी द्यायचे की नाहीत ते तुमचं तुम्ही ठरवा. वस्तू मरते ती बहुधा दुसऱ्याच कारणांनी. माउसचं डावं बटण एकदा दाबलं तरी दोनदा लागायला लागतं. आतल्या छोट्या स्विचची पत्री झिजते किंवा काळी पडते. तो तीन पायांचा मायक्रोस्विच थोडक्या पैशांत मिळतो, पण माउस उघडायचे स्क्रू तळाच्या गुळगुळीत पायपट्ट्यांखाली लपलेले असतात आणि झाळणं यावं लागतं. दुसरं मरण म्हणजे रिसीव्हर हरवणं. स्वस्त सेटचा रिसीव्हर त्या जोडीलाच बांधलेला असतो, तो गेला की चांगला कीबोर्ड आणि चांगला माउस दोन्ही भंगार. म्हणून दुसरा रिसीव्हर जोडता येणारा सेट दोनशे रुपये जास्त देऊनही घ्यावा. लॉजिटेकमध्ये युनिफाइंग रिसीव्हर सहा वस्तू सांभाळतो, नवा बोल्टही तसाच, पण या दोघांचं एकमेकांशी जमत नाही. विकत घेताना नाव जुळवून घ्या.

तुमच्या चार टेबलांपैकी ज्यावर बँकेचे व्यवहार होतात तिथे मात्र वायरचा कीबोर्डच लावा. बॅस्टिल या अमेरिकी सुरक्षा कंपनीने २०१६ मध्ये दाखवून दिलं होतं की काही कंपन्यांचे स्वस्त वायरलेस कीबोर्ड ठोके सांकेतिक न करता उघडेच हवेत सोडतात, आणि लांबून कोणीही ते ऐकू शकतो. नावाजलेल्या कंपन्यांचे अनेक रिसीव्हरवाले कीबोर्ड ठोके सांकेतिक करतात, पण पासवर्डाच्या टेबलावर बिननावाचा सेट ठेवण्याचं काही कारण नाही. वायरचा एक जादा कीबोर्ड कपाटात तसाही लागतोच. ब्लूटूथचा कीबोर्ड विंडोज उठायच्या आधी, बायोसच्या म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, सहसा चालत नाही.

साताऱ्यासाठी: कीबोर्ड पूर्ण आकाराचा, उजवीकडे आकड्यांचं पॅड असलेला, दोन ट्रिपल ए किंवा डबल ए सेलचा, बंद करायचं बटण असलेला. माउस एका डबल ए चा, १२ महिन्यांच्या वर सांगणारा. बटणांखाली दिवे असलेला कीबोर्ड घेऊ नका. लॉजिटेकच्याच एमएक्स कीज या महाग कीबोर्डला कंपनी दिवे चालू ठेवून १० दिवस आणि बंद ठेवून ५ महिने सांगते. दिवा काय खातो ते यातच आलं. गेमिंग माउसही नको. तो सेकंदाला हजार वेळा खबर देतो, साधा माउस सव्वाशे वेळा; जी ३०४ सारखा चांगला माउससुद्धा एका सेलवर २५० तासच सांगतो, जे रोज सहा-आठ तास हात हलला तर महिना-दीड महिन्यात संपतात. आत लिथियम बॅटरी बसवलेले सेट दिसायला छान, पण दोन-तीन वर्षांनी बॅटरी मंदावते आणि बदलून द्यायला कोणी तयार नसतो. पेन्सिल सेल पोवई नाक्यावर रात्री नऊलाही मिळतो.

साताऱ्याचा पावसाळा सांगलीपेक्षा ओला असतो, तेव्हा जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा सेलचं झाकण उघडून स्प्रिंग कोरड्या कापडाने पुसा. दुकानात खोकं उघडून रिसीव्हर आत आहे का बघा; तो बहुधा माउसच्या सेलाच्या खणात लपवलेला असतो आणि खोक्याबरोबर फेकला जातो. वॉरंटी कुठे १ वर्ष, कुठे ३ वर्षं असते, बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. सेल गळून झालेलं नुकसान त्यात सहसा बसत नाही. दोन्ही सेट एकसारखेच घेत असाल तर पहिल्याच दिवशी एका सेटच्या कीबोर्डवर, माउसवर आणि रिसीव्हरवर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्या, दुसऱ्यावर काही नको. रिसीव्हरांची अदलाबदल झाली की एकाने टाइप केलेलं दुसऱ्याच्या पडद्यावर उमटतं, आणि मग दोघंही सेल बदलत बसतात.